ओमाकासेला बसलात की सोया सॉसमध्ये बुडवायची घाई करू नका

टोकियोत एखाद्या छोट्या सुशी काउंटरवर ओमाकासे (म्हणजे काय खायचं ते शेफवर सोपवून जेवणं) बुक करत असाल तर काय चालत नाही ते बुकिंग करतानाच सांगून टाका, तिथे जाऊन बसल्यावर नको. मेन्यू नसतोच, तोयोसूच्या मासळी बाजारातून जे चांगलं मिळालं त्यावर शेफचा सगळा क्रम ठरलेला असतो, मग आयत्या वेळी कोळंबी नको म्हटलं की बिचाऱ्याची पंचाईत होते. शुद्ध शाकाहारी असाल तर दुसरीकडे जेवा, कारण सूपपासून अंड्याच्या तामागोपर्यंत (ऑम्लेट) बऱ्याचदा माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असतोच.

परफ्युम अजिबात मारू नका, शेजारच्याला माशाचा वासच कळत नाही.

आणि मुख्य म्हणजे निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा तुकडा) समोर आली की लगेच तोंडात टाका, अख्खी, एका घासात. भात अंगाइतका कोमट असतो, फोटो काढत बसलात की गार होतो, नोरीचं (समुद्री शेवाळाच्या पातळ पापडीचं) असेल तर ते मऊ पडतं. शेफने बहुतेक वेळा वरून ब्रशने निकिरी (उकळून घेतलेला सोया सॉस) लावलेलं असतं, माशावर ती चकाकी दिसते बघा, वासाबीपण (झणझणीत हिरवी चटणी) आतच असतो, त्यामुळे परत सॉसमध्ये बुडवलं की सगळी चव खारट. हाताने खाल्लं तरी चालतं, मला तर तेच बरं वाटतं. आल्याच्या चकत्या दोन निगिरींच्या मध्ये खायच्या, वर ठेवून नाही. पोट भरत आलं तर "शारी सुकुनामे" म्हणा, भात कमी घालून देतात. टिप ठेवू नका, तिथे पद्धत नाही.