रोंडा आणि आजूबाजूची पांढरी गावं: कधी जायचं, कसं फिरायचं

दक्षिण स्पेनला जाणाऱ्या बहुतेकांचा प्लॅन ठरलेला असतो, सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानाडा, आणि मग मधेच कुठेतरी कड्यावर वसलेल्या रोंडा गावाला चार तास. माझं म्हणणं एवढंच की रोंडाला किमान एक रात्र राहा. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून भरभरून बस येतात आणि दरीवरच्या प्रसिद्ध पुलावर रविवारच्या भुशी डॅमसारखी गर्दी होते, तीच जागा संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी नऊच्या आधी जवळजवळ रिकामी असते.

पोचायचं कसं? मालागाहून बसने साधारण दोन तास, सेव्हिलहूनही जवळपास तेवढेच. वेळ असेल तर दक्षिण किनाऱ्यावरच्या अल्हेसिरासकडून येणारी ट्रेन घ्या, डोंगरातून दीड-दोन तासांचा सुंदर प्रवास आहे, ही लाइन १८९० च्या दशकात ब्रिटिश कंपनीने बांधली, जिब्राल्टरच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळ्यात थंड हवेला यायची सोय झाली. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात त्यामुळे परतीचं टाइमटेबल आधीच बघून ठेवा.

आता गाव बघायचा क्रम. स्टेशन आणि बसस्टँड उत्तरेला नव्या भागात आहेत, त्यामुळे लोक सरळ पुलावर जातात, फोटो काढतात आणि तिथूनच मागे फिरतात. तुम्ही उलटं करा. पूल ओलांडून जुन्या गावाच्या पार दक्षिण टोकाला, अल्मोकाबार दरवाजापर्यंत जा आणि तिथून परत चालत या, म्हणजे इतिहास बरोबर ओळीने लागतो. हा दरवाजा तेराव्या शतकातला, मुस्लिम राजवटीचा. तिन्ही बाजूंनी कडे असल्यामुळे गावावर हल्ला करायचा तर मुख्यतः इकडूनच. पुढे सांता मारिया चर्च लागतं, ते मशिदीच्या जागेवर उभं आहे आणि आत शिरताना जुन्या मिहराबच्या (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) कमानीचा तुकडा अजून दिसतो, घाईत असाल तर नजरेतून निसटेल.

मग ला मिना. कड्याच्या आत खोदलेला जिना, दोनशेच्या आसपास पायऱ्या, खाली थेट ग्वादालेविन नदीपर्यंत. वेढा पडला की पाणी इथूनच वर यायचं, आणि ते वाहायला ख्रिश्चन कैदी जुंपलेले असायचे. १४८५ च्या मे महिन्यात ख्रिश्चन राजा फेर्दिनांदच्या सैन्याने तोफा लावल्या, पाण्याची वाट तोडली आणि गाव पडलं. एवढा बेलाग किल्ला शेवटी तहानेने गेला! पायऱ्या ओल्या आणि अंधाऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर नका जाऊ, त्याऐवजी खालच्या अंगाला असलेलं अरब हमाम बघा, छताला चांदणीच्या आकाराचे झरोके आहेत आणि पाणी गरम कसं करायचे ते नीट समजतं.

आता पूल, पुएन्ते नुएवो. ९८ मीटर उंच, १७५१ ते १७९३, म्हणजे बेचाळीस वर्षं काम चाललं. एवढा वेळ का, तर त्याच्या आधी घाईघाईत बांधलेला पूल १७४१ मध्ये कोसळून सुमारे पन्नास माणसं गेली होती. मधल्या कमानीच्या वर एक खोली आहे, ती एकेकाळी तुरुंग होती. पण खरा पूल खालून दिसतो. मारिया ऑक्सिलियादोरा चौकातून पायवाट उतरते, बूट चांगले घाला, पाणी घ्या, आणि दुपारच्या उन्हात उतरू नका कारण चढ परत यायचाच आहे.

पूल ओलांडला की बुलरिंग, १७८५ सालची, मैदानाचा व्यास ६६ मीटर. बैल आणि माणसाची झुंज बघायची इच्छा नसेल (मला नाही) तरी रिकामं रिंगण आणि म्युझियम बघता येतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे पेद्रो रोमेरो या जुन्या बुलफायटरच्या नावाची जत्रा असते, तेव्हा हॉटेलचे भाव बघून घाम फुटेल, तारखा टाळा.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घ्या, बसवर अवलंबून आजूबाजूची पांढरी (चुना लावलेल्या घरांची) गावं होत नाहीत. निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर उजव्या हाताने गिअर टाकत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची कसरत होते. आधी सेतेनिल, अर्धा तास. इथे घरं कड्याच्या पोटाखाली बांधलीत, डोक्यावर अख्खा खडक. गाडी गावात घालू नका, बाहेरच लावा. मग साहारा दे ला सिएरा. १४८१ च्या डिसेंबरमध्ये ग्रानाडाच्या सुलतानाच्या माणसांनी हे गाव घेतलं, तिथून जे युद्ध पेटलं ते १४९२ ला ख्रिश्चनांनी ग्रानाडा घेतल्यावरच थांबलं. गाव एवढंसं आहे, बुरुजावर चढून खालचा निळा जलाशय बघितला की झालं. तिथून ग्रासालेमाचा घाट, वळणं भयंकर, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यावी. ग्रासालेमा स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, त्यामुळे छत्री असू द्या.

खाण्याचं. जेवण दोन ते चार, रात्री नऊच्या पुढे, मधे किचन बंद आणि बरीच दुकानंही बंद, तेव्हा पिशवीत काहीतरी ठेवा. व्हेज लोकांनो सावध, इथे भाजीतही हॅम टाकतात आणि सालमोरेहो नावाच्या गार टोमॅटो सूपवर हमखास भुरभुरतात, म्हणून ऑर्डर देतानाच "सिन हामोन" म्हणा. मधाची किंवा काकवीची धार सोडलेली तळलेली वांगी, पालक-छोले आणि बटाट्याचं ऑम्लेट यावर दोन दिवस आरामात निघतात. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

सीझन म्हणाल तर एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर अखेर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल, कोर्दोबाला चाळीस डिग्री सहज जातं, रोंडा सातशे मीटरच्या वर असल्यामुळे रात्री तरी बरं असतं. ईस्टरचा आठवडा बघण्यासारखा असतो पण महाग. आणि याच ट्रिपला ग्रानाडाचा अलहाम्ब्रा राजवाडा जोडणार असाल तर त्याचं तिकीट विमानाच्या पाठोपाठ काढा, पासपोर्टवरच्या नावाने मिळतं, आतल्या महालांना ठरलेल्या वेळेलाच सोडतात आणि उशीर झाला तर गयावया करून उपयोग नसतो.