वाचायच्या कोपऱ्यात लाइट कुठला आणि कुठे लावायचा

घरात पुस्तकांसाठी खोली किंवा नुसता एक कोपरा जरी काढला तरी लोक खर्च करतात कपाटावर, खुर्चीवर, आणि लाइटचं काय तर इलेक्ट्रिशियन लावेल ते. तो काय लावणार, पीओपीत चार गोल पॅनेल, तेही पांढरेफटक 6500 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड पांढरा). खोली लख्ख दिसते, पण खुर्चीत बसून पुस्तक उघडलं की आपल्याच डोक्याची सावली पानावर. म्हणून आधी बसायची जागा ठरवा, मग पानावर उजेड कुठून येणार ते बघा, बल्ब कुठला ते त्यानंतर.

उजेड खांद्याच्या थोडा मागून आणि बाजूने यायला हवा. नुसतं वाचायचं असेल तर डावी-उजवी कुठलीही बाजू चालते, पण टिपणं काढायची सवय असेल आणि उजव्या हाताने लिहीत असाल तर लॅम्प डावीकडेच ठेवा, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते. शेडची खालची कड बसल्यावर साधारण डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, म्हणजे आतला बल्ब डोळ्यात जात नाही. गुळगुळीत आर्ट पेपरवर चकाकी येत असेल तर लॅम्प जरा बाजूला सरकवून बघा, बल्ब बदलायची गरज बहुतेक पडत नाही. आणि छोटा बल्ब दुप्पट लांब नेला की पानावरचा उजेड साधारण चौथाईवर येतो, त्यामुळे छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा छोटा लॅम्प जास्त कामाचा.

बल्ब घेताना वॉट बघून फसू नका, बॉक्सवर लुमेन, म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो ते, लिहिलेलं असतं ते वाचा. साधा 9 वॉटचा एलईडी 800-900 लुमेनच्या आसपास देतो, जवळच्या लॅम्पला तेवढा पुष्कळ झाला. पानावर 300 ते 500 लक्स (पानावर पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळाला की छान वाचता येतं, मोबाइलवरच्या लक्स मीटरच्या अ‍ॅपने अंदाज येतो. रंगाचं म्हणाल तर संध्याकाळी आणि रात्री वाचणाऱ्यांनी 2700 ते 3000 केल्विनचा वॉर्म व्हाइट घ्यावा, पिवळा उजेड मंद वाटत असेल तर 4000. घरात आजी-आजोबा वाचणारे असतील तर त्यांना उजेड जास्त लागतो, वयाबरोबर डोळ्यात कमी प्रकाश पोचतो म्हणून, पण त्यासाठी तो जास्त पांढराच हवा असं नाही, लुमेन वाढवा. चित्रांची पुस्तकं असतील तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 वाला शोधा.

बरेच स्वस्त एलईडी फ्लिकर होतात, म्हणजे भराभर लुकलुकतात, आपल्याला जाणवत नाही पण काही जणांचं डोकं दुखतं त्याने. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून बल्बचा व्हिडिओ काढा, उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब बाल्कनीत लावा, वाचायला नको. उजेड कमी-जास्त करायचा डिमर लावणार असाल तर बॉक्सवर डिमेबल लिहिलेलं बघूनच घ्या, साधा एलईडी डिमरवर लुकलुकतो. अजून एक, आपल्याकडे पंखा असतोच, आणि लाइट पंख्याच्या पात्यांच्या वर आला की पात्यांची सावली पानावर फिरत राहते, इतकं वैतागवाणं की बसवतच नाही. लाइट पंख्याच्या घेराबाहेरच घ्या.

फक्त लॅम्प लावून बाकी खोली काळोखी ठेवू नका बरं का, पान उजळ आणि मागे मिट्ट अंधार असला की डोळे लवकर थकतात. भिंतीवर पडणारा एखादा मंद दिवा हवाच. कपाटात एलईडी स्ट्रिप लावायची असेल तर फळीच्या पुढच्या कडेला आतून, अॅल्युमिनियम चॅनेलमध्ये दुधी कव्हर घालून लावा, पुस्तकांच्या कण्यांवर उजेड पडतो आणि नावं वाचता येतात. मागच्या भिंतीला लावली तर पुस्तकांच्या मागे उजेड, कण्यांवर अंधार. खिडकीचं थेट ऊन मात्र कपाटावर पडू देऊ नका, कण्यांचे रंग उडतात आणि कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

भोक पाडायच्या आधी एक्स्टेंशन बोर्डवर लॅम्प लावून दोन-चार रात्री वाचून बघा, जागा पक्की झाली की मगच इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि स्विच खुर्चीतून हात पोचेल इथेच द्यायला सांगा. लाइट जात असतील तर तो पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका.