हरभऱ्याच्या चोचीपासून सुरुवात: लहान मुलांना बी कसे रुजते ते कसे शिकवावे

सोलापूरच्या घरांत मटकी भिजत घालून फडक्यात बांधणे आणि तिला मोड आणणे हे नेहमीचे काम आहे. नवरात्रात देवघरात घटाभोवती पेरलेले धान्यही नऊ दिवसांत चांगले वर येते. बी रुजण्याची घटना अशी मुलांच्या अवतीभवती सतत घडत असते. पण ती फडक्याच्या आत आणि मातीच्या खाली घडत असल्यामुळे त्यांच्या दृष्टीस पडत नाही. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना हा विषय शिकवताना ते फडके उलगडून दाखवावे, आणि पुढे काय होणार हे आधी सांगून टाकू नये. मुलांनी अंदाज करावा, वाट पाहावी आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यावी.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ओले फडके बघता बघता वाळून कोरडे होते, म्हणून हा उपक्रम शाळा सुरू झाल्यावर जूनच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत केव्हाही घ्यावा. बियाणे स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच वापरावे: अख्खे हरभरे, चवळी, मूग आणि थोडी ज्वारी. दुकानातून आणलेल्या पेरणीच्या बियाण्याला बहुधा औषध चोळलेले असते, त्यामुळे ते मुलांच्या हाती देऊ नये. एरंडी आणि गुंजा दिसायला आकर्षक असल्या तरी विषारी आहेत. त्या वर्गात आणूच नयेत. लहान मुले दाणा नाकात किंवा कानात घालतात आणि तो ओलाव्याने आत फुगतो, म्हणून दाणे मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ओंजळभर हरभरे पाण्यात भिजत घालावेत आणि तितकेच कोरडे बाजूला ठेवावेत. आठ-दहा तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रत्येक मुलाला एक कोरडा आणि एक भिजलेला दाणा द्यावा व दोन्ही कागदावर ठेवून पेन्सिलने त्यांची कड काढायला सांगावी. भिजलेला दाणा किती फुगला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतरचा अर्धा तास संपूर्ण उपक्रमात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यात घाई करू नये. भिजलेला हरभरा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबला की साल सुटून येते. आत दोन डाळिंब्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. हरभऱ्याला एका टोकाला जी चोच असते, तिच्या बाजूने त्या नखाने सावकाश उघडाव्यात. चोचीजवळ एका डाळिंबीला चिकटलेला, तांदळाच्या कणीएवढा पांढरट अंकुर दिसतो. भिंग असल्यास त्यातून त्याची टोकेही ओळखता येतात: चोचीत शिरलेले टोक मुळाचे, आणि दुसरीकडची बारीक घडी पहिल्या पानांची. येथे मुलांना सांगावे की, हे छोटे रोप आहे, ते झोपलेले आहे, आणि दोन्ही डाळिंब्या ही त्याची प्रवासाची शिदोरी आहे. ‘शिदोरी’ हा शब्द मुलांच्या लक्षात राहतो, आणि पुढे डाळिंब्या सुकत जाताना दिसल्या की त्याचा अर्थ त्यांना आपोआप उमगतो.

मग फळ्यावर एकच प्रश्न लिहावा: आधी मूळ येईल की पान? मुलांचे हात वर करून घ्यावेत, दोन्ही बाजूंचे आकडे लिहावेत आणि उत्तर मुळीच देऊ नये. माझ्या अनुभवात बहुतेक मुले पानाच्या बाजूने असतात, कारण त्यांनी रोपाचे मातीवरचे अंगच पाहिलेले असते.

आता काचेचा ग्लास घ्यावा. त्याच्या आतल्या बाजूने जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळून बसवावा. सोलापुरात त्याला तोटा नाही. तुकडा गडद रंगाचा असावा, कारण पांढऱ्या कापडावर पांढरे मूळ उठून दिसत नाही. काच आणि कापड यांच्यामध्ये चवळीचे व हरभऱ्याचे भिजलेले चार-पाच दाणे निरनिराळ्या दिशांना तोंड करून ठेवावेत आणि तळाशी बोटभर पाणी घालावे. दाणे पाण्याच्या वर राहिले पाहिजेत. कापड पाणी ओढून घेते आणि तेवढी ओल त्यांना पुरते. एका बालवाडीत हा प्रयोग मी पहिल्यांदा घेतला, तेव्हा प्रत्येक मूल येता-जाता प्रेमाने पाणी घालत राहिले आणि दोन दिवसांत सगळे दाणे बुडून कुजले. मुले फार हिरमुसली. तेव्हापासून मी एका दिवसाला एकच ‘पाणीवाला’ नेमते, आणि एका वाटीत मुद्दाम पूर्ण बुडवून ठेवलेले दाणेही शेजारी मांडते, म्हणजे बियालाही श्वासासाठी हवा लागते हे मुलांना पाहता येते.

याच वेळी दुसऱ्या ओल्या फडक्यावर तीन वस्तू शेजारी शेजारी ठेवाव्यात: अख्खा हरभरा, हरभऱ्याची डाळ आणि फुटाणा. तिन्ही हरभऱ्याचीच रूपे, तिघांना ओल सारखीच, आणि रुजतो मात्र एकटा अख्खा दाणा. डाळ का रुजली नाही, याचे उत्तर सकाळी डाळिंबी उघडून पाहिलेली मुले स्वतःच देतात: डाळ भरडताना तो इवला अंकुर निघून गेला. फुटाणा भट्टीत भाजला गेल्यामुळे आतला जीव उरला नाही, हे सांगावे लागते.

साधारण दोन-तीन दिवसांत चोचीतून मूळ बाहेर पडते. दाणा आडवा असो की उलटा, मूळ वळून खालीच जाते. ते बोटाच्या दोन पेरांएवढे लांब झाले की पाणी काढून टाकून ग्लास आडवा करावा, कापड ओलसर राहील एवढे पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना पुन्हा जवळ बोलवावे. मुळाचे टोक काटकोनात खाली वळलेले असते. यामागे गुरुत्वाकर्षण आहे, हे एवढ्यात सांगण्याची मला गरज वाटत नाही. मुळाला खाली कुठे ते कळते, एवढे मुलांनी पाहिले तरी पुरेसे आहे.

ग्लासातली रोपे बोटभर झाली की कुंडीत लावावीत. नुसती काळी माती पाण्याने चिकट होते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे आणि कुंडीच्या तळाला भोक आहे याची खात्री करावी. त्याच कुंडीत काही नवे दाणेही बोटाच्या पहिल्या पेराएवढे खोल पेरावेत. त्याआधी मुलांना वाफसा ओळखायला शिकवावे: मूठभर माती दाबून गोळा करावा, तो चिखलासारखा लिबलिबीत राहिला तर पाणी जास्त, गोळाच होत नसेल तर कमी, आणि बोट टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर माती पेरणीजोगी. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरताना हाच अंदाज घेतो, आणि ते पीक पुढे मुख्यतः काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवरच वाढते. ज्या मुलांचे आजी-आजोबा शेती करतात, त्यांना घरी जाऊन विचारायला सांगावे. दुसऱ्या दिवशी वर्गात जी माहिती येते, ती पुस्तकात सापडत नाही.

कुंडीतली रोपे वर येताना तीन निरनिराळी चित्रे दिसतात. चवळी आपल्या दोन्ही डाळिंब्या मातीबाहेर उचलून आणते, हरभरा त्या मातीतच ठेवून फक्त कोंब वर पाठवतो, आणि ज्वारी एकच टोकदार पान काढते. हा फरक मुलांकडून चित्रात काढून घ्यावा.

नोंदी ठेवण्यासाठी लहान मुलांना सेंटिमीटरची पट्टी अवघड जाते. त्याऐवजी रोपाच्या उंचीएवढा सुताचा धागा कापून रोज वहीत ओळीने चिकटवावा, खाली तारीख लिहावी. आठ दिवसांत धाग्यांचा चढता जिना तयार होतो, आणि रोप कोणत्या दिवशी सर्वांत जास्त वाढले, हे मुले बोट ठेवून दाखवतात.

एक कुंडी अंधाऱ्या कपाटात ठेवून पाहावी. तिच्यातली रोपे उजेडातल्या रोपांपेक्षा उंच, किडकिडीत आणि पिवळी होतात, आणि घटाचे धान्य पिवळे का असते हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. रुजायला शिदोरी पुरते, पुढे हिरवे होऊन स्वतःचे अन्न करायला उजेड लागतो, हे सांगण्याची योग्य वेळ तीच. नंतर ती कुंडी खिडकीत आणली की पाने हिरवी होऊ लागतात आणि रोपे उजेडाकडे कलतात.

चवळीला दोन महिन्यांच्या आसपास शेंगा येतात. त्यांतली एक तरी न तोडता वेलावरच वाळू द्यावी. ती खुळखुळायला लागली की, ज्या मुलाने तो दाणा लावला होता त्याच्याच हाताने फोडावी, आतले दाणे मोजावेत, आणि काडेपेटीत ठेवून वर पेरल्याची तारीख लिहावी.