खाडीच्या पाण्याची रासायनिक तपासणी: या चुका टाळा

ठाण्याच्या किंवा वसईच्या खाडीत दर सोमवारी सकाळी दहाला पाण्याचा नमुना घ्यायचा, हे वेळापत्रक कागदावर छान दिसतं. पण भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आठवड्याला जवळपास सहा तास. म्हणजे या सोमवारी दहाला भरती असेल, तर पुढच्या सोमवारी दहाला ओहोटी. एकदा समुद्राचं पाणी बाटलीत येतं, एकदा नाल्यांचं आणि कारखान्यांचं, आणि अहवालात लिहिलं जातं की प्रदूषण अचानक वाढलं. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, ते घड्याळाआधी तिथी पाहतील. नमुना भरतीच्या टोकाला एक आणि ओहोटीच्या शेवटी एक घ्या. उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) होतं की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), तेही नोंदवा. प्रत्येक बाटलीसोबत क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, लिहिलीच पाहिजे. तिच्याशिवाय बाकीचे आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत. पावसाळ्यात गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली राहतं, म्हणून तळाजवळचाही नमुना हवा.

सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) भलताच जास्त आला? आधी क्लोराइड पाहा. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे 19 ग्रॅम असतं, आणि डायक्रोमेटच्या नेहमीच्या चाचणीत क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण होऊन आकडा फुगतो. सांडपाण्यासाठीची पद्धत खाडीला तशीच लावू नका. क्लोराइडचा अडथळा कसा टाळला, ते प्रयोगशाळेला स्पष्ट विचारा, नाहीतर टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजून घ्या. आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) आर्सेनिक जास्त दिसलं तरी हीच शंका घ्यावी: आरगॉन आणि क्लोरीन जोडले गेले की त्यांचं वस्तुमान 75 भरतं, आर्सेनिकइतकंच.

बाटल्यांचं थोडक्यात: धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची, कीटकनाशकं आणि तेलकट रसायनांसाठी गडद काचेची. होडीचं इंजिन बंद करून पुढच्या टोकावरून नमुना घ्या.

गाळाच्या बाबतीत घाई फार होते. तांब्याची जागतिक शेल-सरासरी (शेल नावाच्या गाळाच्या खडकातलं सरासरी प्रमाण) किलोला 45 मिलिग्रॅम धरली, तर कोकणातली स्वच्छ खाडीही दूषित ठरेल, कारण सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येच तांबं बहुधा 100 च्या वर असतं. तुलना त्याच खाडीतल्या खोल, जुन्या थरांशी करा. तीही 63 मायक्रॉनहून बारीक गाळात, ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढून. मात्र बेसॉल्टचं कारण पुढे करून पारा किंवा पीएएच (तेलातून आणि इंधन जळताना येणारी सेंद्रिय रसायनं) झाकू देऊ नका. ते या दगडातून इतके येत नाहीत.

कालवं तपासताना आकार आणि हंगाम सारखा ठेवा. त्यांच्यात जस्त निसर्गतःच भरपूर साठतं. आणि धातूंचा कोरड्या वजनावरचा आकडा खाण्यासाठीच्या सुरक्षित मर्यादेशी थेट ताडू नका. ती मर्यादा ओल्या वजनावर असते. कालवांत सुमारे 80 टक्के पाणी धरलं, तर धोका पाचपट मोठा दिसतो. अशी बातमी छापून आली की बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईचं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी तुटतं, आणि दुरुस्तीची बातमी कुणी वाचत नाही.