आधी खिसा, मग पेटी

माझ्या उजव्या खिशात गेली बावीस वर्षं एक ना एक चाकू असतोच. मी रोपवाटिकेत कलमं बांधते, पण कलमाचा चाकू कामाच्या पेटीतच राहतो. त्याला दुसरं काही कापायला लावायचं नाही, हा माझा नियम. खिशातला चाकू उरलेल्या दिवसासाठी: सुतळी, खोक्यावरची चिकटपट्टी, खताच्या पोत्याची शिवण, बोथट पेन्सिल. मराठीत लेखणीही कलम आणि झाडावर बांधतो तेही कलमच. इंग्रजीत छोट्या घडीच्या चाकूला पेननाइफ म्हणतात, ते पिसाची लेखणी तासायला तो लागायचा म्हणून. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. माझ्या दोन्ही चाकूंचं मूळ नातं एका शब्दात सापडलं होतं.

जुन्या घडणीचा चाकू म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण निवड, वापर आणि संग्रह या तिन्हींचा पाया तोच आहे. अशा चाकूत बहुतेक वेळा कुलूप, म्हणजे उघडं पातं अडकवून धरणारी कळ, नसतं. मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचं बूड चौकोनी घासलेलं असतं आणि पट्टी त्याच्या सपाट बाजूवर दाबून बसते, म्हणून पातं उघडं राहतं आणि मिटलेलंही. काही चाकूंत पातं अर्ध्यावर, काटकोनात, एकदा टेकतं आणि मग पुढे जातं. मिटताना ही अर्ध्यावरची टेक बोटं सावरायला वेळ देते. पात्यावर नखाची खाच असते, तिच्यात नख अडकवून पातं ओढायचं. सगळी करामत पट्टीच्या ताकदीत आणि बुडाच्या घासणीत आहे. कुलूप नाही म्हणजे पात्याच्या पाठीवर जोर पडेल असं काम करायचं नाही. टोक खुपसायचं नाही, पेच फिरवायचे नाहीत. पातं मागे मिटलं तर ते सरळ बोटांवर येतं.

पहिला चाकू कोणता घ्यावा, असं मला वरचेवर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्याला ओरखडा पडला तर वाईट वाटणार नाही, असा. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल मला यासाठी फार आवडतो. जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये तो बनवला आणि 1897 मध्ये त्याचे 1 ते 12 असे आकार ठरवले. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं, सात नंबरचं त्याहून थोडं लहान. लाकडी मूठ, पातं, खिळा, गळ्यातलं पक्कं कडं आणि त्यावरचं फिरतं कडं, एवढंच त्यात असतं. ते फिरतं कडं 1955 मध्ये आलं. ते फिरवलं की पातं अडकतं, म्हणजे हा चाकू वरच्या वर्णनाला अपवाद आहे आणि त्यात पाठीची स्प्रिंगही नाही. ओल लागली की लाकूड फुगतं आणि पातं मुठीच्या खाचेत घट्ट बसतं. अशा वेळी नखाने ओढत बसू नका. कडं मोकळं करा, मूठ धरून तिचं मागचं टोक लाकडी टेबलावर हलकेच आपटा. पातं थोडं बाहेर येतं आणि चिमटीत धरता येतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी ते दहा वेळा करून पाहिलं.

रोज ओल्या हातांनी काम असेल तर स्विस चाकू बरा. कार्ल एल्सेनरने 1884 मध्ये इबाखमध्ये कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंद केली. पुढे गंज न लागणारं पोलाद आलं, तेव्हा एल्सेनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि त्या पोलादाचं फ्रेंच नाव इनॉक्स जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. त्यांचे ॲल्युमिनियमच्या नक्षीदार मुठीचे पातळ चाकू खिशात असल्याचं कळतही नाही. तिसरा प्रकार स्टॉकमन, तीन पात्यांचा. वडिलांचा चाकू हाच. एक टोकदार पातं, एक सरळ धारेचं आणि बोथट टोकाचं, एक लहान. मी यातलं सरळ धारेचं पातं सगळ्यात जास्त वापरते. खोकं उघडताना त्याचं टोक आतल्या वस्तूत रुतत नाही.

खिशात कसा ठेवायचा? किल्ल्या आणि नाण्यांबरोबर अजिबात नाही. महिन्याभरात मुठीवर चरे पडतात आणि कधीतरी एखादी किल्ली नखाच्या खाचेत अडकून पातं किंचित उघडतं. मी जाड सुती कापडाची चिंचोळी पिशवी शिवली आहे, चाकूपेक्षा दोन बोटं लांब. चाकू तिच्यात उभा राहतो आणि पिशवीच हात पुसायलाही होते. मिटलेला चाकू नऊ सेंटीमीटरच्या आत असेल तर बसताना टोचत नाही. खिशातली सुतं आणि धूळ मात्र मुठीच्या खाचेत जातेच. आठवड्यातून एकदा लाकडी दातकोरणीने ती काढा. सुई घालू नका, आत चरा पडतो.

कायदा ठिकाणागणिक बदलतो, त्यामुळे आपल्या भागातला आणि जाणार त्या भागातला नियम आधी पाहायचा. इंग्लंडमध्ये कुलूप नसलेला, धार 3 इंचांपर्यंतची असा घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो, पण कुलूपवाल्याला योग्य कारण लागतं. विमानात चाकू हातातल्या पिशवीत नको, मोठ्या सामानात टाका. एकदा घाईत माझा एक छान शिंगाच्या मुठीचा चाकू तपासणीच्या टेबलावर सोडून द्यावा लागला. आता प्रवासाच्या आदल्या रात्री मी खिसा रिकामा करून चाकू उशीजवळ ठेवते, म्हणजे सकाळी तो डोळ्यांसमोर असतो आणि घरीच राहतो. शाळा, न्यायालय, गर्दीचे कार्यक्रम इथेही तेच. आणि चार माणसांत चाकू काढायचा असेल तर आधी सांगा, "जरा चाकू काढते हं," आणि काम झालं की लगेच मिटा. कुणाला द्यायचा तर मिटलेलाच द्या. लहान गोष्ट आहे, पण शेजारच्या माणसाचे खांदे सैल पडलेले दिसतात.

आता धार. इथे थोडं थांबते, कारण चाकू आवडेनासा होतो तो बहुतेक वेळा बोथट झाला म्हणून. दोन बाजूंचा एक धारेचा दगड घ्या, चारशे आणि हजार ग्रिटच्या आसपासचा (आकडा मोठा तितका दगड बारीक). दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. खिशातल्या चाकूला दर बाजूला 15 ते 20 अंशांचा कोन पुरतो. अंश कुणाला दिसतात? म्हणून मी पात्याची रुंदी बघते. पातं 15 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 4 ते 5 मिलिमीटर वर धरायची. आधी धारेच्या कडेवर काळं मार्कर पेन फिरवा, दोनच घासे मारा आणि पात्याकडे बघा. शाई कडेपासून वरपर्यंत सारखी गेली असेल तर कोन बरोबर आहे. वरची गेली आणि कडेची राहिली तर पाठ उचला. कडेची गेली आणि वरची तशीच राहिली तर पाठ खाली करा. हात बसेपर्यंत दर वेळी शाई लावा, यात कमीपणा नाही. मी पहिली दोन वर्षं लावत होते.

एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच आडवा सरकवून पाहा. बारीक खरखर लागली, केसाहून पातळ कड उचलल्यासारखी, की बाजू बदला. संपूर्ण धारेवर ती खरखर लागली पाहिजे, टोकाजवळ हमखास राहून जाते. मग बारीक बाजूवर दाब कमी करत आलटून पालटून घासा आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा मागे ओढा, धार पुढे न ढकलता. कागदाची कडा न अडकता चिरली गेली की झालं. कलमाच्या चाकूला हे लागू नाही. माझ्या चाकूची धार एकाच बाजूने उतरती आहे, दुसरी बाजू दगडावर सपाट ठेवायची असते. तसाच काप सरळ येतो आणि साल सालीला चिकटते.

मिटताना पातं सुटून फटकन आदळू देऊ नका. त्या आवाजाची मजा वाटते खरी, पण काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि पात्याच्या पोटाशी, म्हणजे धारेच्या फुगीर भागावर, एक चपटा ठिपका पडतो. पुन्हा सगळी धार घासून तो काढावा लागतो.

कार्बन पोलाद गंजतं, पण धार घ्यायला फार सोपं असतं, म्हणून मला तेच प्रिय आहे. फळं कापता कापता त्यावर राखाडी, निळसर डाग चढतात. त्यांना घासून काढू नका, ते राहू द्या. तो थर पुढच्या गंजापासून थोडा आडोसा देतो. लाल आणि भुकटीसारखा सुटतो तो गंज. तो दिसला की तेल आणि मऊ पितळी ब्रश. सांध्यात खनिज तेलाचा एकच थेंब. खाद्यतेल नको, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि पातं अडकू लागतं. हाड, शिंग आणि लाकडाच्या मुठी पाण्यात भिजत घालायच्या नाहीत.

संग्रहाकडे मी उशिरा आले, आणि तसंच व्हावं असं माझं ठाम मत आहे. एक चाकू वर्षभर खिशात ठेवला की आपल्याला काय हवं ते कळतं. मला कळलं की मला बोथट टोकाची पाती, हाडाच्या मुठी आणि तळहातात मावणारा आकार आवडतो. मग मी फक्त तेच जमवले. सगळं थोडं थोडं घेणाऱ्यांच्या पेट्या भरतात, पण त्यातला कोणता चाकू का आहे हे त्यांनाच सांगता येत नाही.

जुना चाकू हातात आला की माझा क्रम ठरलेला आहे. मिटलेला चाकू उजेडासमोर धरायचा. स्प्रिंग आणि मुठीतली पितळी पत्री यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग पातं उघडून बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं. उघडताना आणि मिटताना आवाज ऐकायचा, तो कोरडा आणि नेमका हवा. मिळमिळीत आला तर स्प्रिंग थकली आहे. पात्याची रुंदी पाहायची. पोट झिजून पातं निमुळतं झालं असेल तर ते वापराचं आहे, संग्रहाच्या दृष्टीने किंमत कमी, पण मला असे चाकू आवडतात. आणि नको तिथे चकाकी दिसली तर सावध व्हायचं. यंत्राच्या चाकावर घासून चमकवलेल्या पात्यावरचा शिक्का पुसट होतो आणि त्याबरोबर चाकूची माहितीही जाते.

ती माहिती बहुधा पात्याच्या बुडावर असते. वडिलांचा स्टॉकमन त्यांना मित्राकडून मिळाला होता, वय कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंगाखाली धरला तर केस या अमेरिकी कंपनीचा शिक्का आणि त्याखाली बारीक ठिपके. या कंपनीने 1970 मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक कमी करत नेला. मी तीन वेळा मोजले: सात. म्हणजे 1973. दुसऱ्या पात्यावरचा आकडाही बोलका असतो. 6318 यात 6 म्हणजे हाडाची किंवा तशी दिसणारी मूठ, 3 म्हणजे तीन पाती, 18 हा नमुन्याचा क्रमांक. लागिओलसारख्या नावांबाबत मात्र नुसत्या नावावर जाऊ नका. ते एका फ्रेंच गावाचं आणि चाकूच्या आकाराचं नाव आहे, कुठेही बनलेल्या चाकूवर ते दिसतं. कुणी बनवला हे शिक्क्यावरून शोधा. हस्तिदंताची मूठ मी घेत नाही. 1990 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, आणि हत्तीच्या दाताची मूठ माझ्या हातात बरी वाटत नाही.

साठवणीत एक चूक मला महागात पडली. सहा चाकू चामड्याच्या सुंदर म्यानांत घालून कपाटात ठेवले. दोन महिन्यांनी काढले तर चार पात्यांवर म्यानाच्या शिवणीच्या आकाराचा गंज होता. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरतात. म्यान फक्त वापरताना, ठेवताना तेलाचं बोट फिरवलेला चाकू सुती कापडात. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. जुन्या रंगीत, मोत्यासारख्या चमकणाऱ्या मुठी अनेकदा सेल्युलॉइडच्या असतात. हे सेल्युलॉइड वयानुसार विघटित होतं आणि त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. एकाच बंद डब्यातल्या शेजारच्या चाकूंची पाती त्याने गंजतात. मूठ चिरकली असेल, चिकट झाली असेल किंवा पितळ हिरवं पडलं असेल तर तो चाकू लगेच वेगळा काढा, हवेशीर ठेवा आणि आगीपासून लांब, कारण सेल्युलॉइड झपाट्याने पेटतं.

प्रत्येक चाकूबरोबर मी एक जाड कार्ड ठेवते: कुठून आला, शिक्का काय, पात्यांच्या लांबी-रुंदी, कधी धार लावली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडते. सगळी पाती एकेकदा उघडून मिटते, सांध्यात तेल लागतं का बघते, कापडं बदलते. मग खिशातला चाकू पुसून त्याच्या जागी ठेवते आणि पुढच्या महिन्यासाठी दुसरा उचलते. या महिन्यात वडिलांचा आहे. त्याचं लहान पातं त्यांनी पेन्सिली तासून इतकं झिजवलंय की ते आता जेमतेम पाच मिलिमीटर रुंद राहिलंय, म्हणून त्याला दगड लावत नाही, फक्त चामडं.