विनोदी भूमिकांनंतर लिहायचं, बोलायचं असेल तर

व्यावसायिक नाटकांत विनोदी भूमिका करता करता मी लिहू लागले, व्याख्यानांना जाऊ लागले. तेव्हापासून नव्या मुली विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करायची?" मी त्यांना आधी अमेरिकन अभिनेत्री ॲलिसन आर्नग्रिमची वाटचाल सांगते.

'लिटल हाऊस ऑन द प्रेरी' ही अमेरिकन मालिका 1974 साली सुरू झाली. ॲलिसनने त्यात लॉरा आणि मेरी या मुख्य बहिणींच्या भूमिकांसाठी ऑडिशन दिली होती. मिळाली नेली ओल्सन, दुकानदाराची नकचढी, खोडसाळ मुलगी. कुरळ्या बटांचा टोप घालून तिने ती अशी रंगवली की लोकांच्या मनात ती कायमची नेलीच राहिली. तिने ही ओळख झिडकारली नाही. स्टँड-अप ती किशोरवयातच करू लागली होती. पुढे मालिकेच्या आणि घरच्या आठवणींचा एकपात्री प्रयोग उभा केला आणि 2010 साली आत्मकथन आलं.

प्रयोग आधी, पुस्तक नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. माझ्या एका किश्श्यात दौऱ्याच्या बसमध्ये मेकअपची पेटी उलटते आणि रंगभूषाकार काका पांढऱ्याफटक हातांनी सगळ्यांना चहा देतात. पेटी कशी पडली ते मी रंगवून सांगायचे, पण हशा यायचा कपांवर उमटलेल्या बोटांना. लिहिताना पेटीला एक वाक्य दिलं, कपांना अख्खा परिच्छेद. म्हणून आधी चार माणसांसमोर मोठ्याने सांगा. कुठे चुळबुळ होते, कुठे कान टवकारतात, ते तिथेच कळतं. विनोदी नटीला हा कान तालमींनी दिलेलाच असतो.

व्याख्यानाचं मात्र वेगळं आहे. तिथे नुसते किस्से पुरत नाहीत, सांगण्यासारखं काही लागतं. मालिकेत ॲलिसनच्या नवऱ्याची भूमिका करणारे स्टीव्ह ट्रेसी 1986 साली एड्सने गेले. त्या काळात या आजाराबद्दल भीती आणि गैरसमजच जास्त होते. तिने माहिती करून घेतली आणि लॉस एंजेलिसमध्ये एड्सविषयक संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम केलं. लहानपणी घरातच झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दलही ती उघड बोलली. कॅलिफोर्नियात असा गुन्हा कुटुंबातल्या माणसाने केला तर शिक्षेत सवलत मिळू शकायची. ती सवलत काढण्यासाठी झटणाऱ्या संस्थेची ती प्रवक्ती होती आणि 2005 साली तिथे कायदा बदलला. हसवणाऱ्या बाईचं कोण गंभीरपणे घेणार, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आपल्याकडच्या व्याख्यानमालांत श्रोते तुमच्याकडून आधी हशाच मागतात. तो मनापासून द्या. मग मुद्द्यावर या आणि तिथे टाळीसाठी थांबू नका. प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवा. मानधन आणि प्रवासखर्च होकार देण्याआधीच बोलून घ्या, त्यात संकोच कसला?

आणि आठवणीत दुसरी माणसं येतातच. सहकलाकारांविषयी लिहिलेलं मी छापण्याआधी त्यांना वाचून दाखवते. काकांनाही दाखवलं होतं. ते म्हणाले, "माझं नाव घाल, आणि चहा गोड होता हेही लिही." दोन्ही घातलं.