शिकवण्याचं स्वतःचं तत्त्वज्ञान कसं लिहायचं? (डीएड-बीएडवाल्यांसाठी)

डीएडच्या पोरापोरींना मी दरवर्षी हे पान लिहायला लावतो, अन् बहुतेक पानं सारखीच येतात, बालकेंद्रित, आनंददायी, सर्वांगीण विकास. शब्द चांगलेच आहेत पण त्यात तुम्ही कुठं आहात?

तर आधी इंटर्नशिपमधला एक पाठ आठवा. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीत, नव्हतं पण वर्गात ऐनवेळी केलं, तेवढंच लिहा. समजा वजाबाकी चालू होती, पोरं गप्प, म्हणून तुम्ही कापूस वेचणीचा हिशोब काढला, किलोमागं मजुरी इतकी, उचल घेतली तितकी, हाती किती येते? अन् कधीच न बोलणाऱ्या पोरीनं तोंडी सांगून टाकलं, कारण ती आईसोबत वेचायला जाते. आता स्वतःला विचारा, मी असं काहून केलं? "हिशोब पोरांच्या घरात आधीच असते, मी तो फक्त वहीत आणतो." झालं तुमचं पहिलं वाक्य.

हा विचार आपल्याच मातीतला आहे बरं का. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, मग झाकिर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम केला, मातृभाषेतून अन् हातकामातून शिक्षण, म्हणजे टकळीवर सूत काततानाच मोजमाप शिकायचं. हे जरूर लिहा, पण नुसतं नाव टाकून पुढं जाऊ नका, तुमच्या वर्गात त्यातलं काय चालते अन् काय नाही तेही सांगा.

मग प्रत्येक वाक्यापुढं "म्हणून मी" जोडून पाहा. "मी मुलांच्या भाषेचा आदर करतो", बरं, म्हणून काय? उद्या मेळघाटात शाळा मिळाली, पहिलीतलं पोर फक्त कोरकू बोलते, तर? मी वस्तूंची कोरकू नावं त्याच्याकडून शिकीन, चौथीतल्या एखाद्या पोरीला मधे घेईन, मराठी वाचनाची घाई करणार नाही. असं लिहा. पुढं काही सुचलंच नाही तर ते वाक्य सरळ खोडा.

दोनच शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे हेही त्यात आलं पाहिजे, अन् दिवाळीनंतर वेचणीला गेलेलं पोर परत येते तेव्हा तुम्ही त्याला पहिलं काय म्हणता तेही. माझ्या मते सगळ्यात खरी ओळ तिथंच सापडते.

एक पान पुरे. नाव झाकून सोबत्याला वाचायला द्या, त्यानं ओळखलं नाही तर पुन्हा त्या पाठाकडं जा.